अक्काच्या अंगातलं पाणी

माझ्या घराच्या पुढच्या खोलीत काचेची एक मशीन आहे. तिच्यावर अनवाणी उभं राहिलं की ती सांगते, तुमच्या अंगात चरबी किती, स्नायू किती, हाडं किती, पाणी किती. वर तुमच्या शरीराचं वयही सांगते, आणि ते ऐकलं की बायका माझ्याच अंगावर धावून येतात. "मी बेचाळीसची हाय, आन् ही मला सत्तावन्नची म्हणायली? बंद करा तिला आधी!" मी म्हणते, बाई, मशीनशी भांडून काय होणार, चहात साखर किती घेता ते सांगा.

मी लोकांना काय खावं ते सांगते. डॉक्टर नाही, पण रीतसर शिकलेली आहे. लातुरात माझ्यासारखीला गिऱ्हाईक कमी नाही. पोरांच्या शिकवण्यांसाठी गावोगावच्या आया इथं खोली करून राहतात. पोरं दिवसभर क्लासला, नवरा गावाकडं, आणि ह्या दोन वेळचे डबे करून बसून असतात. गावाकडं दिवसातून चार वेळा मळ्यात जाणारी बाई इथं गॅलरीपासून मोरीपर्यंत चालते. मग अंग सुटतं, गुडघे दुखतात, आणि शेजारणीकडून माझा पत्ता मिळतो.

मशीन कशी चालते ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. काचेवर धातूच्या पट्ट्या असतात. एका पायातून अगदी बारीक करंट आत जातो, दुसऱ्या पायातून बाहेर येतो. आपल्याला काही कळत नाही. अंगात जिथं पाणी आहे तिथून तो सुळकन जातो, चरबीत अडतो. किती अडला, तेवढंच मशीनला कळतं. बाकी सगळा अंदाज. वय, उंची, वजन, बाई की बुवा, हे घेऊन ती ठरवते की एवढा कमी अडला म्हणजे अंगात एवढं पाणी. स्नायूंत साधारण पाऊण भाग पाणीच असतं, म्हणजे एवढे स्नायू. आणि वजनातून ते वजा करून उरली ती चरबी. तिनं स्नायू कधी पाहिलेलेच नसतात. कुठल्या तरी परक्या मुलखातल्या, कधीच्या काळच्या माणसांना मोजून कुणी गणित बसवलं, ते ती आमच्या औशाच्या, निलंग्याच्या बायांना लावते.

हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं. 'पाणी बदललं की आकडा बदलतो' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ज्या गावात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, तिथल्या बाईला पाण्याचा हिशेब वेगळा शिकवावा लागू नये. पण वही मिटली आणि मी आकड्यांवर भाळले. माणसाला आकडा लई आवडतो हो. डोळ्यांना दिसलेलं कुणी खोडून काढतं, दशांश चिन्ह असलं की सगळे गप बसतात.

मीही गप बसले. माझ्या अक्काच्या बाबतीत बसले.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. माहेर आमचं उदगीरचं, लिंगायतांचं घर, म्हणून थोरल्या बहिणीला ताई नाही, अक्का. अप्पांचं, म्हणजे वडलांचं, धान्याच्या मोंढ्यात दुकान होतं आणि अव्वाला, आईला, दमा. त्यामुळं माझी वेणी, माझा डबा, माझ्या परीक्षा, माझे पहिले पाळीचे दिवस, सगळं अक्काच्या हातून झालं. मी लहानपणी काडीपैलवान. अक्का रविवारी न्हाऊ घालताना माझा दंड अंगठ्याच्या आणि मधल्या बोटाच्या कड्यात धरायची. बोटं टेकली की म्हणायची, "टेकली गं बया. जेवतीस का नुसतं ताट बघतीस?" आणि त्या दिवशी भाकरीवर लोणी दुप्पट यायचं.

तिचं लग्न झालं तेव्हा मी सातवीत होते. दाजींची नोकरी नांदेडला. गावाबाहेर विष्णुपुरीच्या बाजूला त्यांनी पुढं घर बांधलं. तिथं संध्याकाळी धरणावरून वारं यायचं आणि अक्का पायरीवर बसून शेंगा फोडायची. त्या पायरीवर बसायला मी कितीदा लातूरहून गेले असेन. अहमदपूर, लोहा, नांदेड, गाडीत सगळा जीव आंबून जायचा, पण फाटक उघडताना आतून "आलीस व्हय गं?" ऐकू आलं की शीण उतरायचा. अव्वा गेल्यावर ते घर हेच माझं माहेर होतं. आजही एसटी स्टँडवर 'नांदेड' पाटी लावलेली गाडी दिसली की माझा एक पाय तिच्याकडं वळतो. मग आठवतं, आणि मी बावळटासारखी उभी राहते.

अक्काला साखर निघाली पंचेचाळिशीत. पुढं रक्तदाबही. गोळ्या घ्यायची, पण आठवण आली तर. बावन्न पूर्ण झाली त्या वर्षी ती लातूरला आली आणि मी तिला बघून हबकलेच. गाल बसलेले, ब्लाउजच्या बाह्या ढिल्या. मी चेष्टेत तिचा दंड तिच्याच पद्धतीनं धरला, तर माझी बोटं टेकून वर एकमेकांवर चढली. तिला मशीनवर उभं केलं. वजन सत्तेचाळीस, आणि स्नायूंच्या पुढं लाल अक्षरांत 'कमी'.

"लाल म्हंजे काय गं? नापास?" अक्का म्हणाली.

"हाव, नापास. आता शिकवणी माझ्याकडं."

मी मनात पक्कं ठरवलं की हिला उभी करायची. आयुष्यभर जिनं मला भरवलं, तिला भरवायची पाळी आता माझी. कोणाला सांगितलं नाही, पण मला त्यात फुशारकीही होती. सगळ्या लातूरच्या बायकांना मी बारीक करते, माझ्या अक्काला जाड करून दाखवते! साखरेचा रिपोर्ट तेवढा मागून घेतला, बरा होता. मूत्रपिंडाचा रिपोर्ट मागायला पाहिजे होता. मागितला नाही. ते एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

मी तसलीच एक छोटी मशीन घेतली आणि नांदेडला जाऊन तिच्या घरात मांडली. ती घरच्या वायफायला जोडलेली, आकडा थेट माझ्या फोनवर. अक्कानं तिकडं पाऊल ठेवायचं आणि मी इकडं लातुरात बघायचं. दाजी म्हणाले, "आता बायकोचं वजन पण मेव्हणीला विचारावं लागणार." अक्का पहिल्यांदा चढली तर मशीन बोलेचना. 'त्रुटी. पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा तेच. तिच्या पायाचे तळवे म्हणजे भेगाच भेगा, कातडी वाळून कडक झालेली. करंट आतच शिरेना.

"माझ्या टाचा बघून भ्याली तुझी मशीन," अक्का हसत सुटली.

मग मी ओलं फडकं घेतलं, खाली बसले आणि तिचे दोन्ही तळवे पुसून काढले. भेगांमधून मायेनं बोट फिरवलं. तिला गुदगुल्या व्हायला लागल्या. "सोड गं, आई! मला काय पाहुणीगत पाय धुवायलीस!" मी सोडलं नाही. आत्ता लिहिताना त्या तळव्यांचा खरखरीतपणा माझ्या बोटांना जाणवतो. काय वाटेल ते देईन मी, तसं पुन्हा एकदा बसायला मिळालं तर.

सोमवार ठरला. अक्काचा सोमवारचा उपवास, सकाळी अंघोळ करून लिंगपूजा होईपर्यंत ती तोंडात पाणी घालत नसे. मला ते फार सोयीचं वाटलं. एकच वार, एकच वेळ, पोट रिकामं, तळवे ओले. पुस्तकात लिहिलंय तशी मोजायची शिस्त! सात वाजता माझा फोन टिंग वाजायचा आणि पाचव्या मिनिटाला मी तिला लावायची. आधी आकडा, मग अर्धा तास घरादाराच्या गप्पा. दाजींचं घोरणं, शेजारणीची सून, पेरूला आलेला बहर. लग्नानंतर आम्ही बहिणी एवढ्या नेमानं कधी बोललो नव्हतो.

खाणं मी लिहून दिलेलं. भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेल्या मुगाची उसळ, पनीर, डाळ दुप्पट, आणि दुधातून ती डब्यातली पावडर. अक्काला पावडरचा वास सोसायचा नाही. नाक धरून प्यायची. "तुझ्यासाठी पितेय बरं का," म्हणायची. मला वाटायचं, ही थट्टा करायली.

आणि आकडे चढायला लागले. सत्तेचाळीसची अठ्ठेचाळीस, मग पन्नास. आणि वाढलं ते सगळं स्नायूंच्या रकान्यात! चरबी जागची हलली नाही, उलट उतरली. 'कमी'चं 'सामान्य' झालं, लालचं हिरवं. मी माझ्या गिऱ्हाइकांना फोन दाखवायची. बघा, माझी बहीण बघा. तीन महिन्यांत बाईनं नुसतं मांस भरलंय, चरबी नाही. व्यायामाशिवाय! त्या बाया आ वासून बघायच्या. व्यायामाशिवाय मांस कसं भरतं, हे त्यांतल्या एकीलाही विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही. मला तर तेच शिकवलं होतं, मी तर वही लिहिली होती.

श्रावण संपता संपता मी नांदेडला गेले, दोन दिवस राहायला. अक्का फाटकाशी आली तेव्हा चेहरा भरलेला दिसला. डोळ्यांखाली थोडी फुगवटी होती. मी म्हटलं, झोप जास्त व्हायली वाटतं हिला! खुशीत गालच ओढला.

दुसरा दिवस सोमवार. मी फडकं घेऊन तिच्या पायाशी बसले, आणि माझं लक्ष जोडव्यांकडं गेलं. लग्नातली चांदीची जोडवी, दोन्ही पायांत, बोटांत रुतून बसलेली. दोन्ही बाजूंनी कातडी वर आलेली. आता ऐका माझं शहाणपण. मला प्रशिक्षणात सांगितलं होतं की मशीनवर उभं राहताना अंगावर धातू नको. मला वाटलं, अरे देवा, एवढे दिवस ही जोडव्यांसकट उभी राहायली, म्हणजे माझे सगळे आकडे चुकीचे?

"अक्का, जोडवी काढ."

"का गं?"

"धातू आहे. करंट चुकतो त्यानं."

"नवरा समोर पेपर वाचायलाय, आन् मी जोडवी काढू व्हय? काय बोलायलीस का काय!"

"दोन मिनिटांसाठी गं. काय होतंय?"

"न्हाई म्हंजे न्हाई. गळ्यातलं लिंग अन् जोडवी अंगावरून उतरायची न्हाईत. तुझ्या मशीनला सांग, असंच मोजायचं तर मोज."

मी चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. साबण आणते म्हणाले, तिचं पाऊल धरलं आणि जोडवं ओढायला गेले. तिनं पाय झटकन मागं घेतला. डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, आणि मला वाटलं, रीतिभातीचं एवढं मनाला लावून घेतलं हिनं. मी तिला चक्क म्हणाले, "तुझ्या ह्या असल्या खुळ्या समजुतींपायी माझी मेहनत वाया चाललीय." दाजी पेपरच्या वरून म्हणाले, "जाऊ द्या हो, राहू द्या." मग ती तशीच मशीनवर चढली. वजन बावन्न, आणि स्नायू त्याच्या आधीच्या सोमवारपेक्षाही जास्त.

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी तिला मिठीच मारली. "बघ! बघ की अक्का! पास झालीस तू!"

ती हसली. म्हणाली, "पण पाय लई जड वाटायलेत गं आताशा. पायरी चढताना ओढत न्यावं लागतात."

"मांस भरल्यावर जड लागणारच!" मी म्हणाले.

हे वाक्य मी म्हणाले. माझ्या तोंडानं. त्या दिवशी मी स्वतः धपाटे थापले, दही घुसळलं, आणि संध्याकाळी तिचा उपवास सुटल्यावर तिच्या ताटात डाळीचा आणखी एक डाव वाढला. ती नको म्हणत होती.

पुढं सहा सोमवार आकडे येत राहिले. त्रेपन्न. चोपन्न. चोपन्न पॉइंट दोन. फोनवर ती बोलताना मध्येच थांबायची, दम खायची. मी म्हणायची, किती गं घाईघाईनं बोलतीस. सातव्या सोमवारी आकडाच आला नाही. दाजींचा फोन आला, अक्काला आडवं झोपता येईना, श्वास कोंडायलाय, दवाखान्यात आणलंय.

मी पोहोचले तेव्हा दुपार होती. अक्का खाटेवर उशा टेकून बसलेली, नाकाला नळी. एक तरुण डॉक्टरीण तिच्या पायाशी उभी होती. तिनं अक्काच्या नडगीवर अंगठा दाबला, काही क्षण धरला आणि उचलला. तिथं खड्डा पडला होता. मळलेल्या कणकेत बोट घालावं तसा खड्डा, आणि तो भरून येईना. मी त्या खड्ड्याकडं बघत राहिले.

"सूज कधीपासून आहे?" तिनं विचारलं.

मी काय केलं असेल? मी फोन काढला. आलेख दाखवला. तारखेसह, सोमवारनिहाय. हिरवी रेघ वर वर गेलेली. मी म्हणाले, सूज नाही मॅडम, तिचे स्नायू वाढलेत, हे बघा.

तिनं आलेख नीट पाहिला. मला रागावली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "ताई, मशीनला पाणी कळतं. ते पाणी स्नायूतलं की सुजेतलं, हे ह्या मशीनला कळत नाही. पायात साठलेलं सगळं पाणी तिनं स्नायू म्हणून दाखवलंय. वजनाचा आकडा तेवढा खरा. ह्यांची मूत्रपिंडं बरीच खराब झालीत. लघवीतून प्रथिनं जातात, म्हणून हे."

मी पावडरचं सांगितलं. दुप्पट डाळीचं सांगितलं. तिनं केसपेपरवर काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "आता बंद करा ते सगळं."

मी आधी आणलं असतं तर? हे मी तिला त्या दिवशी विचारलं, नंतरही दोनदा विचारलं. ती दर वेळी एकच म्हणाली, काही महिने मिळाले असते, नसतेही. चांगली मुलगी होती. पण महिने हा शब्द तिनं उच्चारला, आणि तो माझ्या छातीत जाऊन बसला तो बसलाच.

जोडवी बोटांना काचत होती, बोटं निळी पडायला लागलेली. नर्स कातर घेऊन आली. दाजी म्हणाले, "कापा," आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. चांदी तुटतानाचा आवाज बारीक असतो. नर्स गेल्यावर मी अक्काच्या पायाशी बसले. मला रडू आवरेना.

"श्रावणात काढू दिली असतीस तर तेव्हाच दिसलं असतं गं मला," मी म्हणाले. बघा, तेव्हाही दोष तिलाच देत होते.

अक्का दम खात खात बोलली. "निघत न्हव्हती गं ती. तेल लावलं, साबण लावला. आषाढापासून निघत न्हव्हती. तू ओढलीस तवा जीव गेला माझा."

"मग सांगितलं का नाहीस? रीतभात कशाला पुढं केलीस?"

ती माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी मी ताटात भाकरी टाकली की बघायची तशी नाही. वेगळंच, ओशाळल्यागत. "आकडा वाढला की तू लई खुश व्हायचीस," ती म्हणाली. "फोनवर नुसती चिवचिव करायचीस. लेकरागत. मला वाटायचं, पाय काय, उतरंल सूज. तुझ्या खुशीवर कशाला विरजण घालावं. आन् आकडा बिघडला, तर तू ती मशीन घिऊन जाशील. मग सोमवारी फोन कुणाचा यायचा?"

मी तिच्या पोटऱ्यांवर डोकं टेकलं. पाण्यानं भरलेल्या, गार पोटऱ्या.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा अंगातलं पाणी काढायचे. सूज सगळी उतरल्यावर जे वजन उरतं त्याला तिथं कोरडं वजन म्हणतात. अक्काचं कोरडं वजन एकोणचाळीस भरलं. मी सत्तेचाळीसला तिला हातात घेतली होती. म्हणजे त्या सगळ्या हिरव्या महिन्यांत ती आतून झिजत होती, आणि वरून पाणी चढत होतं, आणि मी लातुरात बसून टाळ्या पिटत होते. मी क्लिनिक बंद ठेवून तिच्याजवळ राहिले. तिला उचलून खुर्चीत बसवायचे, केस विंचरायचे, उदगीरच्या गोष्टी काढायचे. आम्ही हसायचोसुद्धा. पाणी मोजून द्यायचं असे, दिवसाला एवढंच भांडं. ती ओठ ओले करून भांडं परत द्यायची आणि म्हणायची, "आता तरी मोजमाप बरोबर हाय ना तुझं?"

पाच महिन्यांनी ती गेली. सकाळी गेली, मी जवळ होते, फार त्रास झाला नाही. ह्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

मी काम सोडलं नाही. सोडावंसं वाटलं होतं. आता येईल त्या बाईला आधी खुर्चीत बसवते, पायाशी बसते आणि नडगीवर अंगठा दाबते. बाया अवघडतात. "अहो, तुम्ही कशाला पाय धरायलात?" मी म्हणते, गप बसा. खड्डा पडला तर मशीनपर्यंत जाऊच देत नाही, थेट डॉक्टरकडं पाठवते. आणि ज्यांना चढवते त्यांना बजावते, हा आकडा म्हणजे देववाणी नाही. काल कमी पाणी प्यालात तर ही आज चरबी वाढली म्हणेल. पाळी जवळ आली असेल, आदल्या दिवशी लग्नात खारट खाल्लं असेल, तर आणखी काही म्हणेल. महिन्या-महिन्याची रेघ बघा, आणि रेघेच्या आधी आरशात बघा. एक बाई परवा म्हणाली, "मग ठेवलीत कशाला ही मशीन?" मी ओलं फडकं घेऊन तिचे तळवे पुसायला बसले.

दाजी पुढं लेकीकडं पुण्याला राहायला गेले. नांदेडचं घर आवरताना त्यांनी अक्काच्या काही साड्या आणि ती छोटी मशीन मला आणून दिली. मी ती मशीन खोक्यातून काढलीच नव्हती. गेल्या महिन्यात माझी मोठी मशीन बिघडली. दुरुस्तीला चार दिवस लागणार, आणि बायका तर दारात. म्हणून नाइलाजानं खोकं फोडलं, सेल बदलले, काच पुसली, वायफाय जोडलं. चालते का बघावं म्हणून सकाळी दार उघडायच्या आधी मीच तिच्यावर उभी राहिले.

ह्या तीन वर्षांत मी उतरले आहे. पूर्वीची सहासष्ट किलोची मी आता राहिलेली नाही. जेवण जात नव्हतं, आणि मी स्वतःला मोजलंही नव्हतं. आकडा फिरला आणि चोपन्नवर थांबला.

फोन टिंग वाजला. असल्या मशीनी उभं कोण आहे ते तोंड बघून ओळखत नाहीत. शेवटच्या वजनाच्या जवळपास जो भरेल, तो तोच माणूस, असं त्या समजतात. पडद्यावर मराठीत आलं होतं: 'अक्का, पुन्हा स्वागत आहे. बऱ्याच दिवसांनी!' खाली रेघ होती. चोपन्न पॉइंट दोनवर तुटलेली. त्याच्या खाली प्रश्न: 'हे मोजमाप अक्का यांचेच आहे का?' आणि दोन चौकोन, होय आणि नाही.

बाहेर पहिल्या बाईनं कडी वाजवली. मी आवाज दिला नाही. मला ठाऊक होतं, ही मशीन चुकते. कशी चुकते, किती चुकते, कशामुळं चुकते, हे माझ्याइतकं लातुरात कुणाला ठाऊक नसेल. मी 'होय' दाबलं आणि ती रेघ पुढं सरकताना बघत उभी राहिले.